मशीनसाठी खास

मोबाइल हातोहात फिरत धाकट्या सुनेकडे आला. व्हिडिओत परक्या देशातलं एक स्वयंपाकघर होतं. कपडे धुण्याच्या मशीनमधून भसाभसा फेस बाहेर येत होता, गुडघ्यापर्यंत साचला होता. घरातली बाई पोराला टेबलावर चढवून ओरडत होती. दारात बादली घेऊन वाकून वाकून माफी मागणारा माणूस धाकटीचा सख्खा भाऊ होता.

"केवढा फेस!" थोरले दीर मांडीवर थाप मारून म्हणाले. "आहे का दुसऱ्या कुणाच्या पावडरीला?"

सगळे खो खो हसले. तिचा नवराही हसला.

घरच्या कारखान्यातल्या धुण्याच्या पावडरीची तिथली एजन्सी तिनेच गळ घालून भावाला घ्यायला लावली होती. माल निघण्याआधी त्याने फोन करून बजावलं होतं, इथे हाताने कुणी धूत नाही, घरोघरी मशीन आहे, फेस कमी करा. थोरल्यांनी ते उडवून लावलं. आपल्या बायका फेस बघून पाकीट घेतात, तर तिथल्या काय आभाळातून पडल्यात? आता ज्या गल्लीत भावाचा शब्द चालायचा, तिथेच लोक त्याला तोंडावर लबाड म्हणत होते.

"भाऊजी, पुढचा माल तरी थांबवा," ती म्हणाली. "त्याला तिथे तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"थांबवायचा कशाला? पाकिटावर ठळक छापू, 'मशीनसाठी खास'. आत पावडर तीच." थोरल्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "आणि तुझ्या भावाला म्हणावं, जरा गोड बोलायला शिक. गिऱ्हाईक गोड बोलण्यावर टिकतं."

नवऱ्याने मान डोलावली. कुठल्या मातीची माणसं ही! थोरल्यांच्या मिशीला लागलेल्या ओल्या बिस्किटाचीसुद्धा तिला किळस आली. रिकामे कप उचलून ती आत गेली.

मागच्या खोलीत जाऊबाई थोरल्यांचे पांढरे शर्ट मशीनमध्ये कोंबत होत्या. शेजारी निळा डबा होता, दुसऱ्याच कंपनीचा.

"वहिनी, आपली पावडर नाही वापरत?"

"छे गं! एकदा टाकली होती, तर खोलीभर फेस झाला. तेव्हापासून हे म्हणतात, मशीनला ती दाखवूसुद्धा नकोस."

"कधीची गोष्ट?"

"झाली बरेच दिवस. तुझ्या भावाकडे माल गेला ना, त्याच्या आधीची. अगंबाई, दूध!" म्हणत जाऊबाई स्वयंपाकघराकडे पळाल्या.

धाकटीने कपाट उघडलं. कपाटात घरच्या पावडरीची पाकिटं रचून ठेवलेली होती. तिने सगळ्यांत मोठं काढलं, दातांनी फोडलं, सगळंच्या सगळं मशीनमध्ये रिकामं केलं आणि बटण दाबलं. हात पुसले. मग बाहेर येऊन आपल्या जागेवर बसली.

'खास' हा शब्द लाल रंगात छापावा की पिवळ्या, यावर थोरले रंगात येऊन बोलत होते. आतून जाऊबाईंची किंकाळी आली. दाराखालून फेस सरकत सरकत थोरल्यांच्या खुर्चीपाशी पोचला.

"भाऊजी, पाय वर घ्या," धाकटी म्हणाली. "आणि आता बोला काहीतरी गोड."