बिननावाचं पुस्तक

“हे पुस्तक तुम्ही लिहिलंत?” कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

“मी छापलं,” ताई म्हणाल्या. “जबाबदारी माझी.”

“मी वेगळं विचारतोय.”

“पुस्तकावर नाव नाही, वकीलसाहेब. विचार करूनच घातलेलं नाही.”

कामगार न्यायालयाच्या त्या लांबट खोलीत हलकी खसखस पिकली. नाव नसलं तरी हात कोणाचा याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी ताई परक्या देशातून याच शहरात शिवणयंत्रावर बसायला आल्या होत्या. इथली भाषा त्या कामगारांच्या बसमध्ये शिकल्या आणि कायदा रद्दीतल्या पुस्तकांवरून. त्यांच्या पहिल्या पत्रकानंतर बाहेरून आलेल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. दुसऱ्या पुस्तकानंतर आजारपणाची रजा. मालकमंडळी म्हणायची, या बाईला कोरा कागद देऊ नका, ती त्याचा कायदा करते.

या वेळी प्रश्न अडतीस शिलाई कामगारांचा होता. सगळ्या दूर देशातून आलेल्या. त्यांचे पासपोर्ट कंपनीने काढून घेऊन वसतिगृहातल्या लोखंडी कपाटात ठेवले होते, आणि कामाची पाळी संपून बायका आत गेल्या की बाहेरून कुलूप पडायचं. हे सगळं पुस्तकात आलं, पुस्तक हातोहात खपलं आणि ताईंनी त्याच्याच जोरावर दावा लावला.

पण साक्षीच्या वेळी घोडं अडलं. पहिली बाई नुसती रडली. दुसरीने आपलं नाव सांगितलं आणि पुढे तोंडच उघडलं नाही. तिसरी होती चिमणी, सगळ्यांत लहान. तिने शेवटच्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “आम्हाला काही त्रास नाही.”

शेवटच्या बाकावर वसतिगृहाची वॉर्डन बसली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहरा इस्त्री केल्यासारखा. ती या बायकांच्याच मुलखातली, त्यांच्याच बोलीत दटावणारी, म्हणून जास्त सलायची. तिच्या पाठीमागे सगळ्या तिला कुलूपबाई म्हणत.

“आता सगळी भिस्त पुस्तकावर,” मधल्या सुट्टीत वकीलबाई म्हणाल्या. त्या ताईंच्या बाजूने लढत होत्या आणि सकाळपासून त्यांनी घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. “ते खोटं ठरलं तर तक्रार खोटी. मग या अडतीस जणींची मायदेशी रवानगी ठरलेली. ताई, सरळ सांगून टाका ना, मी लिहिलं म्हणून.”

“आणि वसतिगृहात कधी गेला होतात असं विचारलं तर?”

“गेला नाहीत?”

“मला फाटकाच्या आत कोण घेतंय?”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. “मग संपलंच. आता ते त्या कुलूपबाईला बोलावणार आहेत.”

“येऊ द्या,” ताई म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी पोळी त्यांच्यापुढे सरकवली. “आधी खा. उपाशी माणसाला सगळं संपल्यासारखंच वाटतं.”

सुट्टीनंतर कुलूपबाई पिंजऱ्यात उभी राहिली. अडतीस जणींच्या माना खाली गेल्या. तिने खरं बोलण्याची शपथ घेतली, तीही दटावल्यासारखीच.

“वसतिगृहात किती वर्षं आहात?” कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

“अकरा.”

“म्हणजे कोपरा न् कोपरा माहीत असणार.”

“झाडून मीच घेते. माहीत नसायला काय झालं?”

वकील खूश झाले. त्यांनी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचलं, “‘तापाने फणफणलेली मुलगी जिन्याच्या ७ पायऱ्या उतरून दाराशी आली. दार उघडलं नाही. चावी तिथेच होती, हुकूम नव्हता. मुलगी दाराला टेकून बसली आणि आईला हाक मारत राहिली.’”

चिमणीने ओढणी तोंडात धरली.

वकिलांनी पुस्तक न्यायाधीशांपुढे धरून ‘७’ या आकड्यावर बोट ठेवलं. “साहेब, मी स्वतः तो जिना मोजून आलोय. ज्या लेखिकेला जिन्याच्या पायऱ्यासुद्धा माहीत नाहीत, तिला त्या दारात काय घडलं ते कुठून माहीत असणार? हे सगळं घरी बसून रचलेलं आहे.”

न्यायाधीशांनी पान नीट पाहिलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. ताईंनी मात्र चष्मा काढून हातात धरला आणि त्या एकटक पिंजऱ्याकडे पाहत राहिल्या.

“बाई,” न्यायाधीशांनी विचारलं, “त्या जिन्याला पायऱ्या किती?”

“सतरा.”

“नक्की?”

“रोज चढते-उतरते, साहेब.”

“झालं तर,” कंपनीचे वकील म्हणाले. “म्हणजे पुस्तकात लिहिलंय ते चूक. माझे प्रश्न संपले.”

ते जागेवर जाऊन बसले. शेजारी कंपनीचे मॅनेजर समाधानाने मागे रेलले. शिपाई कुलूपबाईला खाली उतरवायला पुढे झाला, पण ती जागची हलली नाही. तिने कमरेचा जुडगा सोडला आणि न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला. मग चिमणीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत तो स्वच्छ ऐकू गेला.

“चूक लिहिण्यात नाही, साहेब. मी सतराच लिहिलं होतं. छापताना ताईंच्या हातून त्यातला एक गळला.”