जेवलीस का?

सॉफ्टवेअर विकण्याच्या नोकरीसाठी चार फेऱ्या पार करून तो पाचवीला पोचला. "समजा, फोनवर तुमची आई आहे. तिला आमचं सॉफ्टवेअर विका," मुलाखत घेणारे साहेब म्हणाले. त्याने माइकमध्ये जीव ओतला, "आई, जेवलीस का गं?" साहेबांनी खुशीत मान डोलावली आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

घरी पोचेपर्यंत मेल आला: 'आता आपली आवश्यकता नाही.'

हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचारात त्याने दार उघडलं.

"लबाडा, नोकरी लागली ना! घेतलं हो मी तुझं ते सॉफ्टवेअर. जन्मात पहिल्यांदा जेवलीस का विचारलंस, नाही कसं म्हणू?"

"अगं, मी फोन केलाच नाही."

"चल! तुझा आवाज ओळखत नाही का मी? मामाचा, आत्याचा नंबर मागून घेतलास की. शेवटी स्वतःचाच मागितलास, तेव्हा मात्र हसू आलं मला."