भरलं घर

फौजेतून पेन्शनीवर आलेले आप्पासो औंधहून पहिल्या एसटीनं साताऱ्याला आले, ते लेकीसाठी सांगून आलेलं बिजवराचं स्थळ बघायला. मनात धाकधूक होती. पण मुलाच्या आईनं, मनुबाईंनी, घर दाखवलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. फळीवर स्टीलची भांडी आरशागत झळकत होती. रेडिओ, शिवणयंत्र, टेबलफॅन, सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. देवाचीसुद्धा कुणी एवढी निगा राखत नसेल.

"समदं पयल्या सुनेनं म्हायेरनं आणल्यालं," मनुबाई म्हणाल्या. "लय गुणाची पोर. दिसभर पुसत बसायची, कवा उलट बोलली न्हाई. दिवाळीच्या तोंडावर स्टोचा भडका झाला अन्..."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सुनेसाठी डोळ्यांत पाणी आणणारी सासू आप्पासोंनी आजवर बघितली नव्हती. आपली पोर इथं सुखानं नांदेल असं वाटलं आणि घरी कुणाला न विचारताच त्यांनी शब्द देऊन टाकला.

"आमच्याकडनं काय पायजे, ते मोकळेपणानं सांगा," ते म्हणाले.

"काय नगो बगा. पोर अन् नारळ द्या, झालं." मनुबाईंनी चहाची कपबशी पुढं सरकवली.



"फकस्त एक फ्रीज तेवढा बगा. पयलीच्या बापाला त्यो शेवटपतुर जमला न्हाई."