बोलायला लागणारा वेळ

शेवटच्या वर्षी बायकोची वाचा गेली. तिच्या उशापाशी लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर ठेवला होता. ती एका बोटाने टाइप करायची आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचायचा. पण तो इतका रखडायचा की ‘पाणी’ ऐकू येईपर्यंत तिच्या घशाला कोरड पडायची.

दर आठवड्याला डॉक्टर घरी येऊन तिला इंजेक्शन द्यायचे. त्यानंतर दोन दिवस ती तळमळायची. “पुढचं चालू ठेवायचं ना?” ते विचारायचे आणि तिच्या वतीने मीच सांगायचो, “हो, हो. खमकी आहे ती.” कॉम्प्युटर तिचं उत्तर बोलायचा, तेव्हा मी डॉक्टरांना सोडायला फाटकापर्यंत गेलेलो असायचो. परत यावं तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला वाटायचं, औषधाची गुंगी.

एकदा तिचा धाकटा भाऊ आला. “दाजी, हा कॉम्प्युटर आहे की रुसलेला जावई? किती मनधरणी करायची याची?” त्याने पडद्यावरचा सगळा नट्टापट्टा काढला, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले, जुन्या यंत्राला झेपेल असा हलका डेस्कटॉप टाकला. बटण दाबताच शब्द ऐकू यायला लागला.

“घ्या. आता ताई तुम्हाला बोलू देते का बघा.”

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सुई भरता भरता नेहमीचंच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कॉम्प्युटर म्हणाला, “नको.” डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, तेवढ्यात पुढचंही ऐकू आलं.



“दर वेळी नकोच म्हणत होते.”