अठरावा नमुना

बायको कामेश्वरी हैदराबादेतल्या मेहदीपट्टणमच्या बसथांब्यावर कोसळल्याचं सोमयाजुलूंना संध्याकाळी पाचला कळलं. ते वर्गात होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी आले तेव्हा गॅस बंद होता, डाळ झाकलेली होती आणि तिचा फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता.

तेरावं झालं आणि ते पुन्हा शिकवायला लागले. बँकेच्या सायबर सुरक्षा विभागातून निवृत्त झाल्यापासून ते पहिली नोकरी धरणाऱ्या पोरांना तयार करत. त्यांची शिफारस असली की मुलाखतीला दार उघडायचं. हल्ली मात्र त्यांना एका जागी बसवत नसे. खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत, मधूनच खिशातला फोन चाचपत.

शिफारशीआधी एक परीक्षा असे. फोनवरच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले अठरा नमुने ऐकायचे आणि खरा कोणता, खोटा कोणता ते सांगायचं. सतरा जुने होते. अठरावा याच वर्षी घातलेला.

सूर्यापेटच्या हारिकाची सोमवारी मुलाखत होती. शिफारस मिळाली नाही तर सामान बांधून परत ये, असं घरून बजावलं होतं. तिने सतरा बरोबर ओळखले.

अठराव्यात रस्त्याचा गोंगाट होता, आणि एका बाईचा आवाज.

“अहो, मी आहे. दुसऱ्याचा फोन घेतलाय. लवकर या. कापू नका हो... ऐका ना, गॅस बंद केला का मी?”

तेवढ्यात फोन कापल्याचा आवाज.

“खोटा!” मागच्या बाकावरचा फणींद्र ओरडला. “अनोळखी नंबर, घाई, रडका सूर. ‘अहो’ म्हटलं की नवरा विरघळलाच! असा आवाज तर आता मशीनही काढतं.”

“तू पास झालायस ना? मग तोंड मिट,” सर म्हणाले. “हारिका, बोल.”

“नियमाप्रमाणे फोन कापायचा आणि त्या व्यक्तीच्या आपल्याकडच्या नंबरावर लावायचा. तसा लावला होता का, सर?”

“लावला होता. नुसता वाजत राहिला.”

“मग झालं की,” फणींद्र पुटपुटला.

हारिकाने नमुना पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा.

“खरा आहे, सर.”

सरांची फेरी थांबली. “चाळीस पोरांनी खोटा म्हटलंय. शिफारस हातची जाईल हं. नीट विचार कर.”

“केला, सर. फसवणारी पैसे मागेल, ओटीपी मागेल. ही गॅसचं विचारतेय. तिचा स्वतःचा फोन जवळ नसेल, म्हणून तर तिने दुसऱ्याचा घेतला. तिच्याकडे कुणीतरी जायला हवं होतं.”

सोमयाजुलू खुर्चीत बसले. शिफारशीचा कागद ओढून त्यावर सही केली.

“म्हणजे माझं बरोबर होतं?” हारिकाने विचारलं.

“सोमवारी वेळेवर पोच, बाळा.”

पोरं गेली. त्यांनी खिशातला फोन काढला, पाहिला, पुन्हा आत ठेवला. बसथांब्यावर कामेश्वरीने ज्याचा फोन मागून घेतला होता, त्या माणसाला सोमयाजुलूंनी अजून परत फोन केलेला नव्हता.