उसने केस

"आता सुदर्शन," सोमाजी न्हाव्यानं हाक मारली.

सुदर्शन उठला नाही.

खरं तर पहिला मान त्याचाच. आबांना अग्नी त्यानं दिला होता. पण आज दशक्रियेला घाटावर आल्यावर त्यानं चुलतभावाला, गोकुळला, पुढे केलं. मग धाकट्या चुलतभावाला. आता कुकडी नदीच्या पायरीवर डोक्यावर केस असलेला भाऊबंदांतला तो एकटाच उरला होता.

"बाप गेला तरी भांग मोडंना," मागून चुलती पुटपुटली. "चाकणला ऱ्हायलं की आसंच व्हतं."

थोरल्या बहिणीनं, वृषालीनं, ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरात फक्त तिलाच माहीत होतं. सुदर्शनच्या माथ्यावरचे ते दाट केस त्याचे नव्हते. बारीक जाळीवर गुंफलेला तो तुकडा डोक्याला चिकटवलेला होता. दर थोड्या दिवसांनी पुण्याच्या पार्लरमध्ये तो सोडवून, धुऊन परत बसवावा लागे.

केस जायला लागले तेव्हा सुदर्शननं सगळ्यांना दोष दिला. मेसच्या जेवणाला, कंपनीतल्या रातपाळीला, बोअरच्या पाण्याला, हेल्मेटला. साखर सोडली, अंडी धरली, आईकडून नाचणीचं पीठ नेलं. वृषाली जुन्नरच्या वाचनालयात काम करायची. तिनं वाचून त्याला सांगितलं, की खाण्याची आबाळ झाली, जागरणं झाली, तर केस गळतात, पण ते बहुतेकदा परत येतात. कपाळापासून मागे सरतात, टाळूवर विरळ होतात, ते मात्र आईबापांच्या रक्तातून येतं. आबांनी तर काहीही न वाचता सांगितलं होतं. "आज्ज्याचं गेलं, माझं गेलं. आता तुझं जात्यात. त्यात काय येवढं?"

सुदर्शन त्या दिवशी जेवला नाही. पुढच्या दिवाळीला तो दाट केस घेऊनच गावी, बोरीला आला. पुण्याच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं म्हणाला. आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. त्याच केसांवर त्याचं लग्न जमलं. अवसरीच्या भगवंतरावांची प्राची. प्राचीला तो रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज दुसरंच बोलायचा.

मग आबा अचानक गेले. सुतकात घराबाहेर पडता येईना. तेल नाही, फणी नाही. चिकटवलेलं सोडवायचं औषध चाकणच्या खोलीवर राहिलं. कपाळाची कडा एका बाजूनं सुटायला लागली, दुसऱ्या बाजूनं हलेना. आज सकाळी त्यानं न्हाणीत दार लावून ओढून पाहिलं. केसांबरोबर कातडी यायला लागली. बाहेर पाहुण्यांची आंघोळीला ओळ लागलेली.

"निदान प्राचीला फोन कर," वृषाली दाराच्या फटीतून म्हणाली.

"आज? ताई, वर्षाच्या आत लग्न लावायचं म्हणून आजच तारीख सांगणारेत. चारचौघांत मोडलं तर आई जगंल का?"

त्यानं दार उघडलं. तिनं पुढे होऊन ती सुटलेली कडा अंगठ्यानं दाबून बसवली. आबा गेल्यापासून ती भावाच्या कपाळाकडेच बघत होती. आबांच्या फोटोकडे बघणं राहूनच गेलं होतं.

"सुदर्शन, आटप. माणसं खोळंबलीत," इकडे घाटावर चुलता ओरडला.

मांडवात प्रवचन संपलं होतं. पुढारी श्रद्धांजलीच्या भाषणासाठी माइकजवळ सरकत होते. त्यांच्यामागे पहिल्याच रांगेत भगवंतराव आपल्या माणसांसह मांडी घालून बसले होते. पळून जायला एकच बाजू होती, आणि तिकडे नदी होती.

सुदर्शन उठला, सोमाजीसमोर उकिडवा बसला आणि त्यानं मान खाली घातली.

सोमाजीनं ओंजळभर पाणी डोक्यावर ओतलं. केस भिजवायला बोटं घातली आणि ती कपाळाशीच थांबली. त्यानं पुन्हा चाचपलं. मग वस्तरा हातातच धरून तो वृषालीकडे बघायला लागला.

"काय झालं रं?" चुलतीनं विचारलं. मागचे दोघे-तिघे बघायला उभे राहिले. बसलेल्यांनी माना उंचावल्या.

तेवढ्यात भगवंतराव उठले. वृषालीला वाटलं, संपलं. ती पुढे झाली, पण तिच्याआधीच ते पायरीवर पोचले होते. त्यांनी हातानं खूण केली, तशी त्यांची माणसं मांडवाकडे पाठ करून दाटीनं उभी राहिली. त्या पांढऱ्या सदऱ्यांच्या आडोशामागे सोमाजी, सुदर्शन, वृषाली आणि भगवंतराव एवढेच उरले.

सुदर्शननं वर पाहिलं नाही. पाणी त्याच्या नाकावरून ठिबकत होतं.

"मामा, हे केस माझे नाहीत," तो म्हणाला. "मी तुमाला फसवलं."

भगवंतराव गुडघ्यावर हात ठेवून त्याच्याशेजारी टेकले.

"सोमाजी, दमानं सोडवा. कातडी दुखंल त्यांची," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् सुदर्शनराव, फसवलं न्हाई तुमी. सुपारी फोडायच्या आधी तुमचं वडील एकलंच आमच्याकडं आलं व्हतं. वसरीवर बसलं. प्राचीला बाहीर बोलवा म्हनलं. ती आली तशी तिच्यासमोर डोक्यावरली टोपी काढली आन् म्हनलं, 'पोरी, माज्या पोराचं डोकं बघायचं आसंल तर आत्ताच माझं बघून घे, पन त्याला कदी इचारू नको.'"