दाबा, धरा, सोडा

आजोबा गेल्यापासून गॅरेजात उभी असलेली त्यांची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार नात उद्या घाटात नेणार होती. त्या काळजीने आजींनी मिस्त्रींना घरी बोलावून जुने ब्रेक काढून नवे डिस्कब्रेक बसवायला घेतले. मिस्त्रींचं काम असं देखणं, की बघतच राहावं.

शेवटी एकेका चाकाच्या ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि आजी स्टिअरिंगमागे बसल्या.

"मी दाबा म्हटलं की पेडल दाबायचं आणि सोडा म्हणेपर्यंत धरायचं. हं, दाबा!"

आजींचा पाय पोचेना. सीट आजोबांच्या लांब पायांच्या मापाची होती. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच पेडल आपसूक खाली गेलं; भरल्या पेल्यातलं पाणीही हलू नये, इतक्या बेताने.

"वा, आजी! चाळीस वर्षं हेच करतोय, पण असा पाय नाही पाहिला."

चौथ्या चाकापर्यंत आजींनी दोन्ही पाय पोटाशी घेतले होते.

"झकास! उद्या नातीला खुशाल पाठवा. सोडा आता."

पेडल वर येईना.

"सोडा की, आजी. पोरीला गाडी न्यायचीय ना?"

पेडल आणखी खाली गेलं.